घाटातील पूल आणि पाटीवरची नावे

वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेमार्गाचा वर्धा ते कळंब हा टप्पा २०२४ साली सुरू झाला. पुढे हा मार्ग आमच्या उमरखेडवरून नांदेडकडे जायचा आहे. वाटेत नाले आहेत, पैनगंगा आहे. पुलांवाचून रूळ पुढे सरकणार नाहीत. पूल म्हणजे इंजिनियरची करामत, एवढेच आपल्या विद्यार्थ्यांना सांगितले जाते. म्हणून महाराष्ट्रातील जुन्या पुलांकडे, भोर घाटाकडे, जरा नीट पाहिले पाहिजे.

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने हे काम जानेवारी १८५६ मध्ये सुरू केले आणि एप्रिल १८६३ मध्ये मार्ग खुला झाला. सुमारे १६ मैलांत १,८३१ फूट चढण. २५ बोगदे आणि दऱ्या ओलांडणारे ८ मोठे कमानी पूल. मुख्य इंजिनियर होता जेम्स बर्कली.

कमानीमागचे शास्त्र सोपे आहे. दगड दाब सोसतो, ताण सोसत नाही. लांब शिळा दोन टेकूंवर आडवी टाकली तर भाराने तिची खालची बाजू ताणली जाते आणि ती तडकते. पाचरीसारखे घडलेले दगड कमानीत लावले की प्रत्येक दगड शेजारच्याला रेटतो आणि माथ्यावरचा भार दोन्ही अंगांनी खांबांत उतरतो. मात्र माथ्यावरचा कळीचा दगड बसेपर्यंत कमान आपल्या बळावर उभी राहत नाही. तोवर तिला लाकडी सांगाडा तोलून धरतो. पूल पुरा झाला की सांगाडा काढून टाकतात. पुढे तो कोणाच्या ध्यानातही राहत नाही.

खांब मात्र आतूनही पक्का हवा. कागदोपत्री ‘महू-की-मल्ली’ या नावाने नोंदलेला घाटातील पूल जुलै १८६७ मध्ये कोसळला. बाहेरून घडीव दगडांचा देखणा थर आणि पोटात नीट न सांधलेला भराव, अशा बांधकामाचे दोष त्यानंतर उघडे पडले. दर्शनी भाग चांगला, गाभा पोकळ. आपल्या समाजरचनेचे याहून नेमके चित्र शोधावे लागणार नाही.

या कामावर १८६१ साली एका वेळी ४० हजारांहून अधिक माणसे होती. त्यांत बाया होत्या, पोरे होती. कड्यावरून दोरांनी खाली सोडलेली माणसे सुरुंगाची भोके पाडीत. पटकीने आणि तापाने तळच्या तळ ओस पडले. जानेवारी १८५९ मध्ये थकलेल्या मजुरीसाठी मजुरांनी उठाव केला. म्हणजे हे मजूर मुके नव्हते. त्यांचे बोलणे कोणी लिहून ठेवले नाही, इतकेच.

घाटातील रिव्हर्सिंग स्टेशनवर पुढे एक पाटी बसली. तिच्यावर लांबी, चढण, तारखा, गव्हर्नर, इंजिनियर, कंत्राटदार हे सारे कोरले गेले. मजुरांसाठी तिच्यावर एक ओळही नव्हती.

हा केवळ पाटीचा प्रश्न नाही. याच रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत, फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला, बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे सांगितले. अस्पृश्य माणूस गँगमन म्हणून रुळांवर आयुष्य काढी; साधी हमालाची जागाही त्याला मिळत नसे, कारण हमालाला स्टेशनमास्तरच्या घरचे काम करावे लागे आणि तिथे विटाळ आडवा येई. ज्याच्या हाताने ठोकलेल्या रुळांवरून सारा देश गेला, त्याच्या हातचे पाणी मात्र चालत नव्हते.

आता उमरखेडला पूल उभे राहतील. विद्यार्थ्यांनी कमानीचे आणि काँक्रीटचे गणित जरूर शिकावे, इंजिनियर व्हावे. पण सोबत एक वहीही ठेवावी. कोण कोणत्या गावाहून कामावर आले, रोज किती मिळाला, कोण पडले, कोणाला भरपाई मिळाली, याची नोंद त्यांनी करावी. भोर घाटात ही वही कोणी ठेवली नाही. ती ठेवणे आता आपल्या हातात आहे, कारण आता आपल्याला लिहिता येते.