ठिपका हिरवा, ठिपका लाल

साडीला फॉल-पिको करायला मी ज्या वहिनींकडे टाकते, त्यांच्या शिलाई मशीनवर दोऱ्याच्या डब्याला टेकवून एक मोबाइल कायम उभा असतो. एखादी सिरियल लावून ठेवत असतील, असं मला बरेच दिवस वाटायचं. एकदा सहज डोकावले तर पडद्यावर चक्क नकाशा! बंगळुरूहून पुण्याला येणारा हायवे आणि त्यावर मुंगीएवढा एक हिरवा ठिपका.

‘‘हे आमचे हे,’’ दोरा दातानं तोडत वहिनी म्हणाल्या. ‘‘आत्ता कराड सोडलंय बघा.’’

त्यांचे यजमान पार्सलच्या ट्रकवर ड्रायव्हर आहेत. पुण्याजवळ वाघोलीच्या गोडाऊनमधून माल भरायचा, बंगळुरूला टाकायचा, तिकडून भरायचा आणि परत. गाडी त्यांची नाही. गावाकडच्याच ओळखीच्या एका माणसाच्या तीन गाड्या आहेत, त्या एका मोठ्या कंपनीला कंत्राटावर लावलेल्या. वहिनींचा मुलगा बी.कॉम.ला आहे, तो मालकाचा हिशेब लिहितो. म्हणून गाडी कुठे आहे ते दाखवणाऱ्या ॲपचा पासवर्ड त्याच्याकडे आणि त्यामुळे घरच्या मोबाइलवर. गाडी चालू असली की ठिपका हिरवा, उभी राहिली की लाल.

‘‘कंपनीला हिरवा पाहिजे असतो ताई, आणि मला लाल,’’ वहिनी म्हणाल्या. ‘‘लाल झाला की वाटतं, बसले असतील कुठंतरी दोन घास खायला.’’

मैत्रिणींनो, आपण बार्शीत, चिपळुणात नाहीतर पुसदला बसून मोबाइलवरून कुकर मागवतो. ‘शुक्रवारपर्यंत मिळेल’ असं तिथं लिहिलेलं असतं. शुक्रवारी आला नाही की आपण चिडतो. ते चूक आहे असं मी म्हणत नाही, पैसे मोजलेले असतात. दारात येणारा डिलिव्हरीचा मुलगा निदान आपल्याला दिसतो. त्याच्याविषयी बोललंही जातं. जानेवारी २०२६ मध्ये केंद्राच्या कामगार मंत्रालयाने सांगितल्यावर ब्लिंकिट कंपनीने ‘दहा मिनिटांत घरपोच’ ही जाहिरात मागे घेतली, तेव्हा घरोघरी चर्चा झाली. पण त्या मुलाच्या पिशवीतला कुकर रात्रभर ज्यानं आणला, तो कधी दिसत नाही. तो आपल्याला आठवला होता जानेवारी २०२४ मध्ये. अपघात करून पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा, या नव्या तरतुदीविरुद्ध ट्रकचालकांनी गाड्या उभ्या केल्या आणि पेट्रोल पंपांवर आपल्या रांगा लागल्या, तेव्हा.

तर हा ‘शुक्रवार’ ठरतो कसा? पुणे ते बंगळुरू साधारण साडेआठशे किलोमीटर. या गाडीला कंपनीनं दिलेला वेळ बावीस तास. भागाकार केला तर ताशी ३९ किलोमीटर येतात. मलाही वाटलं, एवढं काही अवघड नाही. माझा भाचा मोटारीनं त्याहून वेगात जातो. पण या बावीस तासांत टोलनाका आला, घाट आला, पोलीस आला, पंक्चर आलं, जेवण आलं, आंघोळ आली आणि झोपही आली. पूर्वी गाडीवर किन्नर असायचा, लांबच्या खेपेला दुसरा ड्रायव्हरही असायचा. खर्च वाचवायला इथे ते दोघंही गेले. गंमत बघा, माल नेताना जो सरकारी ई-वे बिलाचा कागद लागतो, त्यात २०२१ पासून दर दोनशे किलोमीटरला एक दिवस असा हिशेब आहे. म्हणजे साडेआठशे किलोमीटरला सरकार पाच दिवस देतं. कंपनी एकसुद्धा पुरता देत नाही.

आणि हायवेवर कमावलेली मिनिटं पुण्यात येऊन सांडतात. टॉमटॉम या संस्थेच्या २०२४ च्या पाहणीत पुण्यात दहा किलोमीटर जायला सरासरी ३३ मिनिटं लागत होती, जगात चौथा नंबर! त्यात बऱ्याच रस्त्यांवर गर्दीच्या वेळी जड वाहनांना बंदी. अर्धा तास उशीर झाला की बंदीची वेळ लागते आणि मग अर्ध्याचे तीन तास होतात. ते तीन तासही ड्रायव्हरच्याच नावावर.

पण खरी मेख वेगळीच आहे, आणि ती मला वहिनींच्या यजमानांनी सांगितली. एका रविवारी ते घरी होते. माणूस अबोल, प्रश्न विचारला की आधी बायकोकडे बघायचे. ते म्हणाले, चालवायचा त्रास नाही, थांबायचा आहे. गोडाऊनच्या गेटवर पोचल्यावर टोकन घ्यायचं. मग आत जागा रिकामी होईपर्यंत रांगेत उभं राहायचं. कधी दोन तास, कधी पाच. झोपावं तर रांग पुढे सरकते, गाडी हलवावी लागते. नाही हलवली तर मागचा हॉर्न वाजवतो आणि नंबर जातो. माल उतरवायला हमाल नसले तर आणखी वेळ. गोडाऊनच्या उशिराचा हिशेब कुणी मांडत नाही. गाडी भरून गेटबाहेर पडली, की बावीस तासांचं घड्याळ सुरू. आदल्या पाच तासांत माणूस झोपला होता की ताटकळत होता, हे त्या घड्याळाला माहीत नसतं.

मी घरी येऊन कायदा चाळला. मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ चा स्वतंत्र कायदा होता. दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस, लांब पल्ल्याला काही अटींवर थोडे जास्त, सलग पाच तास कामानंतर निदान अर्धा तास विश्रांती. वाचून बरं वाटलं. पण पाच किंवा जास्त कामगार असतील तिथेच तो लागू होता. तीन गाड्यांचा मालक त्यात येणार कसा? आणि ‘कामाचे तास’ म्हणजे काय, याची जी व्याख्या होती त्यात ठेपेच्या ठिकाणी नुसतं हजर राहणं धरलं होतं, पण पंधरा मिनिटांपेक्षा कमी असेल तर! चार तास ताटकळणाऱ्याचा उल्लेखच नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये हा कायदा नव्या कामगार संहितेत सामावला गेला.

युरोपातही ट्रकमध्ये यंत्र असतं, आपल्याकडच्यासारखंच मिनिटामिनिटाची नोंद करणारं. तिथला नियम असा, की साडेचार तास चालवलं की पंचेचाळीस मिनिटं थांबायचंच आणि एरवी दिवसाला नऊ तासांवर चालवायचं नाही. ते यंत्र विचारतं, ‘थांबलास का नाही?’ आपल्याकडचं विचारतं, ‘थांबलास का?’

थांबण्यावरून आठवलं. अनेक ठिकाणी गेटवरचं टॉयलेट ‘फक्त स्टाफसाठी’ असतं. एसटी स्टँडवर नाहीतर बाजारच्या गावी आपण बायका पाणी न पिता कशा दिवस काढतो, ते आपल्याला वेगळं सांगायला नको. पुरुषांचं काय, कुठेही आडोसा, असं आपण म्हणतो. पण गाडी सोडून गेलं तर नंबर जातो, म्हणून वहिनींचे यजमान गेटवर पोचायच्या आधी तीन-चार तास पाणी पीत नाहीत. दोनदा मुतखड्याचा त्रास झाला. अमेरिकेत अॅमेझॉनच्या ड्रायव्हरांना बाटलीत लघवी करावी लागते, असं बोललं गेलं तेव्हा कंपनीनं आधी ते नाकारलं. मग एप्रिल २०२१ मध्ये चूक कबूल केली, ड्रायव्हरांना टॉयलेट मिळायला अडचण येते हे मान्य केलं. तेव्हा मला ते दूरदेशीचं वाटलं होतं. तुमच्या दारी पार्सलचा छोटा हत्ती आला तर पाणी विचारतोच आपण, आता बाथरूमही विचारायला हरकत नाही. मी विचारते. मुलं आधी लाजतात.

दुसरं माप डिझेलचं. या गाडीला लिटरला चार किलोमीटरचं अॅव्हरेज ठरवून दिलंय. साडेआठशे किलोमीटरला २१२ लिटर. घाटात, ट्रॅफिकमध्ये अॅव्हरेज ३.८ वर आलं तर २२४ लिटर लागतं. लिटरला ९० रुपये धरले तरी हजार-अकराशे रुपयांचा फरक, आणि तो ड्रायव्हरच्या भत्त्यातून. मग ड्रायव्हर काय करतो? उतार आला की गाडी न्यूट्रलला टाकतो, कुणी इंजिनच बंद करतो. फुकटचे पाच-सात किलोमीटर!

पुण्यातल्या वाचकांना आता नवले पूल आठवला असेल. नव्या कात्रज बोगद्यातून बाहेर पडलं की नवले पुलापर्यंत सलग उतार आहे. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तिथे एका ट्रकनं ४८ गाड्या ठोकल्या. ब्रेक फेल झाले असं पहिल्यांदा सगळे म्हणाले. तपासात पुढे आलं ते वेगळंच. ब्रेक ठीक होते, ड्रायव्हरनं डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद केलं होतं. मोठ्या गाड्यांचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात आणि ती हवा इंजिन भरतं. आपल्या गच्चीवरच्या टाकीसारखंच आहे हे. मोटार बंद केली तरी टाकीत पाणी असेतोवर नळाला धार असते, मग धार बारीक होते, मग फुस्स. शिवाय गिअर काढला की इंजिनचा आवरही सुटतो आणि वीस-पंचवीस टनांचं धूड आपल्या वजनानं धावायला लागतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये याच पुलावर कंटेनरचा अपघात होऊन आग लागली आणि आठ जणांचा जीव गेला. त्याचं कारण हेच होतं असं मी म्हणत नाही. पण वहिनींनी त्या दिवसापासून यजमानांकडून शपथ घेतली आहे, की बोगदा ओलांडला की गाडी गिअरमध्येच ठेवायची, हजार रुपये कापू दे.

शपथेपलीकडे बाईच्या हातात असतं ते डब्याचं. धाब्यावर थांबलं की पाऊण तास जातो, म्हणून वहिनी दशम्या बांधून देतात. दुधात भिजवलेल्या, दोन दिवस टिकणाऱ्या, सोबत शेंगदाण्याची चटणी आणि ठेचा. स्टेअरिंगवर एका हातानं खाता यावं म्हणून सुरळी करून! हे सांगताना त्या हसल्या. मला हसता आलं नाही.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. यजमान पहाटे बंगळुरूला पोचले, चार तास गेटवर, मग उतरवणं, भरणं, आणि अकराच्या सुमाराला परत निघाले. झोप शून्य. इकडे वहिनी रात्री उठून बघतायत तर ठिपका हिरवाच. बारा वाजता हिरवा, एकला हिरवा, तीनला हिरवा. कंपनीच्या दृष्टीनं यासारखी उत्तम खेप नाही. वहिनींच्या पोटात गोळा आला. गाडी चालवताना फोन करायचा नाही, हा त्यांच्या घरचा नियम. म्हणून ठिपका तासवडे टोलनाक्याशी येईपर्यंत त्या थांबल्या आणि तिथे फोन लावला. यजमानांची जीभ जड झालेली.

‘‘गाडी बाजूला घ्या आणि झोपा.’’

‘‘मालक फोन करील.’’

‘‘मालकाचं मी बघते.’’

ठिपका लाल झाला. अर्ध्या तासात मालकाचा फोन, आधी ड्रायव्हरला, मग मुलाला. वहिनींनी मुलाच्या हातातून मोबाइल घेतला आणि सांगितलं, ‘‘झोपलेत ते. मीच सांगितलंय.’’

गाडी वाघोलीला पोचेपर्यंत गर्दीची वेळ लागली होती. एकूण साडेतीन तास उशीर. कंपनीनं मालकाच्या बिलातून तीन हजार कापले, मालकानं त्यातले दीड हजार यजमानांच्या भत्त्यातून. ‘‘माझ्या पंधरा साड्यांचे फॉल-पिको,’’ वहिनींनी लगेच हिशेब सांगितला. मालकाला दोष देऊन मोकळं व्हावं असं मलाही वाटलं. पण त्याच्या तीन गाड्यांचे हप्ते आहेत, आणि ठरवलेल्या खेपा वेळेत झाल्या नाहीत तर कंत्राट दुसऱ्याकडे जातं. उरलेले दीड हजार त्यानं सोसले. त्याच्याही मोबाइलवर तोच ठिपका असतो, आणि तोही रात्री उठून बघत असणार.

आठवड्याभरानं मालकानं ॲपचा पासवर्ड बदलला. भांडला नाही, काही बोलला नाही. मुलाला हिशेबाचं काम आहे, पण नकाशा आता दिसत नाही.

परवा साडी आणायला गेले तेव्हा मशीनवरचा मोबाइल पालथा ठेवलेला होता. मी न राहवून विचारलं, ‘‘मग आता कसं कळतं?’’ वहिनी म्हणाल्या, ‘‘मिस कॉल. गाडी उभी करून झोपायला आडवे झाले की एक मिस कॉल द्यायचा, एवढंच ठरलंय. काल सव्वातीनला आला.’’ आणि ब्लाऊजचं माप विचारायला लागल्या.