तळ्यावरचा वारा



संक्रांतीच्या दिवसांत गच्चीवर पतंग उडविणाऱ्या मुलाला वाऱ्याविषयीं जें ज्ञान असतें, तें त्याच्या भूगोलाच्या पुस्तकांत क्वचितच सांपडतें. वारा कोणत्या अंगानें येतो, शेजारच्या इमारतीआड तो कां मरतो, आणि थोडें उंच जातांच तो पुन्हां कसा सांपडतो, हें त्याच्या बोटांना मांज्यावरून कळतें. आज ज्या खेळाविषयीं बोलावयाचें आहे, त्याचा पाया हेंच ज्ञान आहे. पायांखालीं एक लहानशी फळी, कमरेला पट्टा आणि २० ते २५ मीटर लांबीच्या दोऱ्यांच्या टोकाला ७ पासून १४ चौरस मीटर क्षेत्रफळाचा एक प्रचंड पतंग. वारा त्या पतंगाला ओढतो, आणि पतंग माणसाला पाण्यावरून ओढून नेतो. यालाच काइटबोर्डिंग म्हणतात. आपण त्यास पतंगफळीचा खेळ म्हणूं.

हा खेळ दिसतो तितका परका किंवा अगदीं कालचा नाहीं. १९०३ सालीं सॅम्युएल कोडी या गृहस्थानें पतंगानें ओढलेल्या होडींतून इंग्लिश खाडी ओलांडली होती. पुढें १९८४ सालीं फ्रान्समधील लगेन्यू या दोघां बंधूंनीं हवा भरून फुगविण्याच्या पतंगाचें पेटंट घेतलें. पाण्यांत पडला तरी न बुडणारा आणि पुन्हां उचलतां येणारा पतंग मिळाला, तेव्हां कोठें हा खेळ सामान्य माणसाच्या आटोक्यांत आला. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्यें, मार्सेय येथील समुद्रावर, त्याच्या शर्यती प्रथमच झाल्या. आपल्या देशांत रामेश्वरमजवळचा उथळ समुद्र आणि गोव्यांतील मोरजी-आश्वें हा किनारा या खेळाच्या शौकिनांना ठाऊक आहे.

आतां कोणी म्हणेल कीं, पालघर, बोईसर, तारापूर या बाजूला राहणाऱ्यांना समुद्र तर दाराशींच आहे. मग त्यांनीं तळीं कां शोधावीं? शंका रास्त आहे. पण आपला हा समुद्र साधा नव्हे. खंबायतच्या आखाताकडे जावें तसतशी भरतीओहोटीची उंची वाढत जाते. मुंबईलाच उधाणाच्या वेळीं पाणी चार-साडेचार मीटर चढतें-उतरतें. चिंचणी, डहाणू, बोर्डीकडे तें अधिकच. ओहोटीला समुद्र इतका दूर जातो कीं, पाण्यापर्यंत चिखल-रेती तुडवीत जावें लागतें, आणि खडक उघडे पडतात. शिवाय सातपाटीपासून डहाणूपर्यंतचा हा किनारा मासेमारांचा आहे. पाण्यांत रोवलेल्या खुंटांना बांधलेलीं डोल जाळीं, नांगरलेल्या होड्या, त्यांचे दोर, या साऱ्यांत पतंगाच्या दोऱ्या अडकल्या तर खेळणाऱ्याचा जीव आणि कोळ्याचें जाळें, दोन्ही जावयाचीं. तारापूरला १९६९ पासून अणुवीजकेंद्र आहे. त्याच्या आसपास असले उद्योग करण्याचा विचारहि मनांत आणूं नये. तेव्हां भरती नसलेलें, सपाट आणि चारी बाजूंनीं कांठ असलेलें तळ्याचें पाणी मनाला भुरळ घालतें, यांत नवल नाहीं. मात्र तळ्याचे धोके समुद्राच्या धोक्यांहून निराळे आहेत, आणि ते ओळखतां येणें म्हणजेच चांगली जागा शोधतां येणें.

प्रथम वाऱ्याचा विचार करूं. शाळेंत आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकलों. दिवसा जमीन समुद्रापेक्षां लौकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि तिची जागा घेण्यासाठीं समुद्रावरची हवा आंत येते; हा खारा वारा. रात्रीं जमीन लौकर निवते आणि पहाटेपर्यंत मंद मतलई वारा समुद्राकडे वाहतो. आपल्या भागांत फेब्रुवारीच्या अखेरीपासून मे महिन्यापर्यंत दुपारी हा खारा वारा पश्चिम-वायव्येकडून चांगला जोर धरतो. किनाऱ्यावर तो दुपारच्या सुमारास उठतो आणि जसजसा आंत सरकतो, तसतसा उशिरानें आणि थकलेला पोंचतो. म्हणून पहिला नियम असा कीं, तळें जितकें किनाऱ्याजवळ, तितका वारा भरंवशाचा.

मध्यें डोंगर असला तर हिशेब आणखी बदलतो. पालघरच्या पूर्वेस काळदुर्गाची रांग आहे, तिच्या पलीकडे अशेरी आहे. पाण्याचा ओघ दगडाला वळसा घालून गेल्यावर त्यामागें जसे भोंवरे पडतात, तसेच डोंगरामागें वाऱ्यांत पडतात. झाडांचेंहि तेंच. साधारण हिशेब असा करावा कीं, अडथळ्याच्या उंचीच्या निदान दसपट अंतरापर्यंत त्याच्यामागचा वारा फाटलेला असतो. १५ मीटर उंचीच्या ताडांची रांग वाऱ्याच्या बाजूला असेल, तर त्या कांठापासून दीडशें मीटर पाणी निरुपयोगी समजावें. लहान तळीं यामुळेंच बाद होतात. त्यांचें सारें पाणी कांठच्या झाडांच्याच आडोशाला असतें.

फाटलेला वारा इतका वाईट कां? कारण वाऱ्याचा वेग दुप्पट झाला कीं त्याची ओढ चौपट होते. ताशीं १५ किलोमीटरांचा वारा एका क्षणांत ३० चा झाला, तर जो पतंग माणसाला धड उभाहि करीत नव्हता, तोच त्याला फरफटत नेतो. एकसारखा वाहणारा जोरदार वारा परवडला, पण मधूनच मरणारा व मधूनच झेपावणारा मंद वारा परवडत नाहीं.

दुसरा विचार तळ्याच्या आकाराचा आणि दिशेचा. या खेळांत नवखा मनुष्य वाऱ्याविरुद्ध परत येऊं शकत नाहीं. तो वाऱ्याबरोबर वाहत जातो. फळीची कड पाण्यांत रुतवून वाऱ्याला आडवें आणि मग थोडें त्याच्या उलट जाण्याची कला पुष्कळ सरावानंतर साधते. म्हणून जागा पाहावयास जाल तेव्हां आपण उभे आहोंत तो कांठ पाहून समाधान मानूं नये. वारा जिकडे चालला आहे, तो समोरचा कांठ पाहावा. आपण तेथें पोंचणार आहोंत हें निश्चित धरावें. तेथें विजेच्या तारा, कुंपण, खडक किंवा दाट झाडी असेल, तर ती जागा सोडावी. मोकळा, उतरता आणि गवताळ कांठ असेल, तर ती जागा विचारांत घ्यावी.

आपल्याकडचीं बहुतेक मोठीं तळीं म्हणजे धरणांचे जलाशय. सह्याद्रींतून निघणाऱ्या आपल्या नद्या सामान्यतः पश्चिमेकडे वाहतात. म्हणून धरणाची भिंत बहुधा पश्चिम टोंकाला, आणि पाणी तिच्यामागें पूर्वेकडे पसरलेलें असतें. दुपारचा खारा वारा भिंतीकडून तळ्याच्या माथ्याकडे वाहतो. म्हणजे वाहून जाणारा मनुष्य भिंतीपासून आणि सांडव्यापासून दूर जातो, ही इष्ट गोष्ट आहे. तोच मनुष्य थंडींतल्या सकाळीं पूर्वेच्या वाऱ्यावर पाण्यांत उतरला, तर थेट भिंतीच्या दगडांवर जाऊन आदळेल. तळें तेंच, पण एका प्रहरीं निर्धोक आणि दुसऱ्या प्रहरीं घातक. अर्थात् हा ढोबळ नियम आहे. प्रत्येक तळ्याचा नकाशा समोर ठेवून भिंत कोणीकडे आणि सांडवा कोणीकडे, हें स्वतः पाहिलें पाहिजे.

तिसरा विचार पाण्याचा, आणि येथेंच आपल्या प्रदेशाची खरी अडचण आहे. एप्रिल-मे महिन्यांत वारा उत्तम, पण त्याच वेळीं जलाशय तळाला जातात. पाण्याभोंवतीं चिखलाचा पट्टा पडतो आणि पाण्यांत बुडालेल्या झाडांचे खुंट पृष्ठभागाशीं येतात. श्रावण-भाद्रपदांत जलाशय तुडुंब भरतात, पण तेव्हांचा वारा पावसाच्या सरींबरोबर झडपा घालीत येतो, सांडवे वाहत असतात, आणि त्या पाण्यांत उतरणें हें धाडस नसून अविचार आहे. पाऊस सरल्यावर पाणी भरपूर राहतें, पण वारा बहुधा दुबळा. म्हणजे वारा आहे तर पाणी नाहीं, आणि पाणी आहे तर वारा नाहीं! दोघांचा मेळ बसतो तो फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलच्या पूर्वार्धापर्यंतच्या चार-सहा आठवड्यांत.

या अडचणींतूनच एक उपाय निघतो. तळें पाहावयास मे महिन्यांत जावें आणि खेळावयास पुढल्या वर्षीं मार्चमध्यें. मे महिन्यांत तळ उघडा पडलेला असतो. खुंट कोठें आहेत, जुनी विहीर किंवा बांध कोठें आहे, चिखल कोठें आणि मुरमाड उतार कोठें, हें सारें डोळ्यांनीं दिसतें. त्याची टिपणवही करावी. मार्चमध्यें तोच तळ पाण्याखालीं असेल, पण तुम्हांला तो ठाऊक असेल. मात्र उघड्या पडलेल्या गाळांत कित्येक ठिकाणीं शेतकरी गाळपेर करतात. त्यांचें पीक तुडवूं नये.

आतां जिल्ह्यांतील कांहीं नांवें या कसोटीवर लावून पाहूं. पालघरजवळचें देवखोपचें तळें घराला जवळ, पण लहान आणि डोंगराच्या पायथ्याशीं. तेथें वारा सरळ मिळण्याची आशा थोडी. मनोरच्या बाजूचें वांद्री धरण डोंगरांच्या पलीकडे आहे. खारा वारा तेथें मोडून पोंचणार. सूर्या नदीवरचा धामणीचा जलाशय सर्वांत मोठा; विस्ताराच्या दृष्टीनें पहिला मान त्याचाच. पण तो किनाऱ्यापासून तीसेक किलोमीटर आंत, टेंकड्यांच्या कुशींत आहे; तेथें वारा उशिरां येईल आणि दऱ्यांतून वळत येईल. त्याच्या खालचा कवडास बंधारा या कामीं अरुंद. केळवे रोडजवळचें झांझरोळी धरण समुद्राला या सर्वांत अधिक सोयीचें. वाऱ्याचा विचार केला तर प्रथम तेथेंच पाहणी करावी. परंतु २०२२ च्या जानेवारींत त्याच धरणाला गळती लागून खालच्या गांवांना सावध करावें लागलें होतें, हें विसरूं नये. मातीच्या बांधावर गाड्या नेणें किंवा त्याच्या दगडी अस्तरावर सामान पसरणें हें आपल्या करमणुकीसाठीं दुसऱ्याच्या घराचा पाया उकरण्यासारखें आहे.

यांपैकीं कोणतेंहि तळें मोकळें रान नाहीं. धामणीच्या पाण्यावर खालचीं शेतें आणि वसई-विरारचीं घरें अवलंबून आहेत. त्या पाण्याखालीं आदिवासींच्या जमिनी गेल्या आहेत. ज्यांनीं तें तळें व्हावें म्हणून घर सोडलें, त्यांच्या डोळ्यांदेखत शहरच्या माणसानें विचारल्याशिवाय तेथें खेळ मांडावा, हें शोभत नाहीं. म्हणून जलसंपदा खात्याची लेखी परवानगी आधीं घ्यावी, आणि गांवकऱ्यांना व मासेमारांना विचारावें. परवानगी नाकारली तर वाद न घालतां परतावें. सरकारी संमतीनें असले खेळ होऊं शकतात, याला उदाहरणें आहेत. खडकवासल्याच्या जलाशयावर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे छात्र शिडाच्या होड्या चालवितात. कोयनेच्या शिवसागरावर मुनावळें येथें २०२४ मध्यें जलपर्यटनाचें केंद्र सुरू झालें.

परवानगी मिळाली तरी लगेच पाण्यांत उतरूं नये. एक महिनाभर, आठवड्यांतून दोन दुपारी, बारा ते पांच या वेळांत कांठावर बसून वाऱ्याची नोंद करावी. त्याला महाग यंत्र लागत नाहीं. पानें व डहाळ्या सतत हलत असतील आणि हलकें निशाण पसरत असेल, तर वारा ताशीं १२ ते १९ किलोमीटर; हा अपुरा. धूळ व कागद उडूं लागले, लहान फांद्या हलूं लागल्या आणि पाण्यावर पांढरे तुरे दिसूं लागले, तर २० ते २८, हा उत्तम. लहान झाडें मुळापासून डोलूं लागलीं, तर २९ ते ३८; हा जाणत्यांचा. छत्री सांभाळणें कठीण झालें, तर सामान आवरावें. ब्यूफोर्ट नांवाच्या आरमारी अधिकाऱ्यानें १८०५ च्या सुमारास आंखलेल्या पायऱ्यांवरूनच हीं लक्षणें पुढें ठरलीं. जोडीला साधा कागदी पतंग न्यावा. तो पांच मिनिटें एकाच जागीं स्थिर राहिला तर वारा एकसंध आहे; तो गिरक्या घेऊं लागला तर मोठा पतंग बाहेर काढूंच नये. मोबाइलवरचे वाऱ्याचे अंदाज उपयोगी खरे, पण तुमच्या तळ्यामागची टेंकडी त्यांच्या हिशेबांत बहुधा नसते.

शेवटीं घरच्या वडीलधाऱ्यांना दोन शब्द. मुलगा किंवा मुलगी हा खेळ शिकूं म्हणाली, तर एकदम नाहीं म्हणूं नका, आणि एकदम होहि म्हणूं नका. पहिले धडे शिक्षकाच्या हाताखालीं, मोकळ्या उथळ समुद्रावरच गिरवावे; तळें ही पहिली शाळा नव्हे. तळ्यावर जातांना अंगांत तरंगजाकीट, डोक्यावर शिरस्त्राण, कांठावर एक जाणता सोबती आणि पतंगाची ओढ एका झटक्यांत सोडण्याची कळ तपासलेली, एवढें नसेल तर घरीं बसावें. वळिवाचे ढग दिसले तर दोऱ्या तत्काळ गुंडाळाव्या. ओल्या दोरीच्या टोकाला आकाशांत पतंग धरून विजेला आमंत्रण देऊं नये.

आणि समजा, वर्षभर पाहणी करून असें ठरलें कीं, आपल्या जवळच्या एकाहि तळ्यावर हा खेळ नीट होण्यासारखा नाहीं, तर श्रम वायां गेले असें मानूं नये. ज्यानें एका तळ्याचा वारा बारा महिने टिपला, त्याला आपला गांव, त्याचे डोंगर, त्याचें पाणी आणि त्या पाण्यावर जगणारीं माणसें पूर्वीपेक्षां अधिक कळलीं. आणि “येथें उतरूं नये” हें खात्रीनें सांगूं शकणारा एक मनुष्य गांवांत असणें, हीहि कांहीं लहान गोष्ट नाहीं. एखाद्या दुपारीं त्या एका वाक्यानें कोणाचा तरी मुलगा सुखरूप घरीं येईल.