सायकलवाल्याला धडक बसली तर

पहाटे जिंतूर किंवा गंगाखेड रस्त्यानं परभणीत कामाला येणारा आपला माणूस सायकलवरच असतो. धडक देऊन वर गाडीवालाच दरडावतो, "कागद दाखव!" सायकलला लायसन्स, नोंदणी, विमा काहीच लागत नाही; ती मोटार नव्हेच. जागेवर शे-दोनशे घेऊन मिटवू नका, हाडाला तडा गेल्याचं कधी दुसऱ्या दिवशी कळतं. आधी १०८ ला फोन, दवाखाना. जखमीला नेणाऱ्याला कलम १३४अ चं संरक्षण आहे. मग पोलिसांत नोंद. गाडी सापडली तर मोटार अपघात न्यायाधिकरणात सहा महिन्यांच्या आत दावा लावा. पळून गेली तरी गंभीर जखमीला ५० हजार, मृताच्या वारसांना २ लाख रुपये मिळतात. अर्ज तहसीलदार किंवा उपविभागीय अधिकाऱ्याकडे. डिस्चार्ज कार्ड, औषधांची बिलं जपून ठेवा.