नळ आला, वीजबिल कोण भरणार? पाणी योजनेतला ‘लोकसहभाग’ म्हणजे नेमकं काय

सावदा शहरात नळाला पाणी आलं नाही तर बोट नगरपरिषदेकडे जातं. पण मोठा वाघोदा किंवा चिनावलच्या रस्त्याला लागलात की कारभार बदलतो. तिथे ग्रामपंचायत आहे आणि गावातली पाणी योजना चालवण्याची जबाबदारी गावाची आहे. सरकारी भाषेत याला ‘लोकसहभाग’ म्हणतात. म्हणजे ग्रामस्थांनी नेमकं काय करायचं?

वर्गणी कुणाची?

महाराष्ट्राने २००० मध्ये धोरण बदललं. गावाने आधी योजना मागायची, खर्चाचा १० टक्के वाटा उचलायचा आणि पुढची देखभाल स्वतः करायची. जागतिक बँकेच्या मदतीने २००३ मध्ये सुरू झालेला जलस्वराज्य प्रकल्प याच धोरणावर उभा होता.

१५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या जलजीवन मिशनमध्येही वर्गणी आहेच. गावांतर्गत कामांच्या खर्चाच्या १० टक्के; डोंगराळ, वनक्षेत्रातल्या किंवा निम्म्याहून जास्त अनुसूचित जाती-जमातींची वस्ती असलेल्या गावांना ५ टक्के. रोख नसेल तर साहित्य किंवा श्रमदान चालतं. योजना नीट सुरू झाली की खर्चाच्या १० टक्के रक्कम समितीला फिरता निधी म्हणून मिळण्याची तरतूदही आहे. ही गोष्ट मात्र गावात फारशी कुणी सांगत नाही.

वर्गणी ठेकेदारानेच परस्पर भरून टाकली, ही ग्रामीण भागातली जुनी तक्रार. तसं झालं तर कागद पूर्ण होतो, पण पाइप किती खोल गाडला हे बघायला कुणी जात नाही. ज्याच्या खिशातून पैसे गेले तोच खड्ड्यात डोकावतो.

समितीत कोण?

मिशनच्या नियमानुसार पाणी समितीत १० ते १५ सदस्य असावेत आणि त्यात निम्म्या महिला हव्यात. शिवाय प्रत्येक गावात पाच महिलांना किटने पाणी तपासण्याचं प्रशिक्षण द्यायचं आहे. आपल्या गावातल्या त्या पाच जणी कोण, हे विचारून बघा.

खरा प्रश्न महिन्याच्या बिलाचा

जरा गणित करू. ४,००० लोकवस्तीचं गाव धरा. माणशी रोज ५५ लिटर म्हणजे रोजचं २ लाख २० हजार लिटर पाणी. बोअरमधून टाकीपर्यंत एकूण १०० मीटर चढाव आणि पंपाची कार्यक्षमता ५० टक्के धरली तर रोज साधारण १२० युनिट वीज लागेल, महिन्याला ३,६००. उदाहरणासाठी ७ रुपये युनिट धरलं तर बिल २५,२०० रुपये. गावात ८०० घरं असतील तर घरामागे महिन्याला ३२ रुपये.

म्हणजे विजेचा भार फार नाही, सगळ्यांनी भरला तर. निम्म्याच घरांनी भरला तर वर्षाला दीड लाखाची थकबाकी उरते आणि एक दिवस वीजजोडणी तुटते. यात पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याचा पगार, टीसीएल पावडर आणि जळालेली मोटर अजून धरलेलीच नाही. वित्त आयोगाच्या बंधित निधीतून काही खर्च भागतो, पण त्याच्या भरवशावर पाणीपट्टी थकवत राहणं परवडणारं नाही.

पाणी खाली गेलं की बिल वर

आपल्या भागात आणखी एक अडचण आहे. यावल-रावेर हा भूजलाच्या अतिउपशाचा पट्टा. वरच्याच गणितात पाण्याची पातळी १० मीटर खाली गेली तर रोज १२ युनिट जास्त लागतात, म्हणजे महिन्याला अडीच हजार रुपये. केळीच्या बागेचा बोअर आणि गावाच्या टाकीचा बोअर एकाच भूजलातून पाणी ओढतात.

पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घेण्यावर राज्यात १९९३ च्या कायद्यापासून निर्बंध आहेत. पण शेजाऱ्याच्या बोअरला हरकत घेणार कोण? समितीतल्या सदस्याचीही बाग असतेच. जळगावचा समावेश असलेल्या अटल भूजल योजनेत गावाने पाण्याचा ताळेबंद मांडायचा होता, तो याचसाठी. किती पाणी मुरलं, किती उपसलं, हे आकडे भिंतीवर लिहिले की बोलणं निदान सुरू होतं.

फेब्रुवारी २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात मिशनची मुदत २०२८ पर्यंत वाढवताना, कामांचा दर्जा आणि लोकसहभागातून देखभाल यांवर भर देण्याचं सांगितलं गेलं.

पुढच्या ग्रामसभेला जाणार असाल तर तीन कागद मागा: समितीचं पासबुक, गेल्या बारा महिन्यांची वीजबिलं आणि पाणीपट्टीच्या वसुलीची यादी. यादीत आधी स्वतःचं नाव शोधा.