जखम भरली, तरी विषाणू चालतोच

घनसावंगी तालुक्यातील तीर्थपुरीचा परिसर उसाचा. हंगामात ऊसतोडीच्या टोळ्या फडाजवळ कोप्या करून राहतात. तिथे एखाद्या मुलाला कुत्रे चावले, तर जखमेवर हळद, चुना किंवा तिखट लावले जाते. आठवड्याभरात खपली धरते आणि विषय संपला असे वाटते. रेबीजचा विषाणू मात्र तेव्हा वाटेत असू शकतो.

अनेक विषाणू रक्तात पसरतात, पेशी फोडतात. त्या गडबडीने प्रतिकारशक्ती जागी होते. रेबीजचा विषाणू गडबडच करत नाही. लाळेतून तो स्नायूत शिरतो, तिथून मज्जातंतूच्या टोकात, आणि तंतूच्या आतून मेंदूकडे सरकतो. रक्तात तो जवळजवळ उतरत नाही, त्यामुळे पहाऱ्यावरच्या पांढऱ्या पेशींना दिसत नाही. ज्या पेशीत राहतो, तिला सहसा मारत नाही. विषाणू शिरल्यावर पेशी इंटरफेरॉन नावाचा इशारा देते. या विषाणूचे 'पी' प्रथिन तोही दाबून टाकते. शरीराला जाग येते तेव्हा तो मेंदूत पोचलेला असतो. पाणी पाहताच घसा आवळू लागला, की रुग्ण वाचणे जवळपास अशक्य.

त्याची एकच उणीव: तो सावकाश चालतो. लक्षणे दिसायला साधारण एक ते तीन महिने लागतात. चेहऱ्यावर किंवा हातावर चावा असेल तर कमी. याच उसंतीचा फायदा घेऊन लुई पाश्चर यांनी 1885 मध्ये नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला लस दिली, आणि तो वाचला. आजच्या लसीतला मारलेला विषाणू लपत नाही. त्याला पाहून शरीर एक-दोन आठवड्यांत प्रतिपिंडे बनवते. रक्त आलेल्या जखमेत तोवर तयार प्रतिपिंडे, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन, भरावी लागतात. जवळच्या दवाखान्यात ती नसतील, तर जालन्याचे जिल्हा रुग्णालय गाठावे.

चावा किंवा ओरखडा वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावा. त्यावर हळद, चुना किंवा तिखट लावू नये. कुत्रे जगते का हे पाहत न थांबता त्याच दिवशी दवाखान्यात जावे. सरकारी दवाखान्यात लस मोफत मिळते; कातडीत देतात ती पहिल्या दिवशी, मग त्यानंतरच्या तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. तोवर टोळी दुसऱ्या गावी गेली, तरी कार्ड दाखवून तिथल्या दवाखान्यात पुढचा डोस घ्यावा. जखम बरी झाली म्हणून डोस चुकवू नये.