टू-व्हीलरवाल्याचा हक्क : ऐकीव किती, खरं किती

जून २०२५ च्या अखेरीस एक बातमी मोबाइलवरून गावोगाव फिरली : १५ जुलैपासून मोटारसायकललाही टोल. वडवणीहून बीडमार्गे छत्रपती संभाजीनगरला जायचं तर पाडळसिंगीचा नाका ओलांडावाच लागतो, त्यामुळे आपल्याकडे ती फारच मनावर घेतली गेली. केंद्रीय मंत्री नितीन गडकरी आणि राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण या दोघांनीही २६ जूनलाच ती खोटी असल्याचं जाहीर केलं. दुचाकीला टोल लावण्याचा प्रस्तावच नव्हता. पण खुलासा काही बातमीइतका फिरला नाही, आणि मोटारसायकलला टोल लागतो असं आजही छातीठोकपणे सांगणारी माणसं भेटतात. समृद्धी महामार्गावर आणि मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर मात्र दुचाकीला बंदी आहे, आणि ती खरीखुरी आहे.

वडवणी तालुक्यात गाडी म्हणजे टू-व्हीलर. शेतात जायचं, डेअरीला दूध घालायचं, पोरीला कॉलेजला सोडायचं, म्हाताऱ्या आईला बीडच्या दवाखान्यात न्यायचं, सगळं तिच्यावर. एसटीची वेळ चुकली की दुसरा आधार नाही. ही गाडी रोज वापरावी, बायकांनीही वापरावी, आणि वापरताना मान खाली घालायची गरज नाही, असं मला मनापासून वाटतं. गाडी घेतानाच आपण किमतीच्या दहा-अकरा टक्के एकरकमी वाहन कर भरलेला असतो. रस्ता आपलाही आहे. अडचण एवढीच की घाबरायचं कारण नाही तिथं आपण घाबरतो आणि खरोखर जपायला हवं तिथं बिनधास्त असतो.

चौकात गाडी अडवली की पहिला गैरसमज खिशातून बाहेर येतो : मूळ कागद जवळ नाहीत, आता पावती फाटणार. केंद्रीय मोटार वाहन नियमांत नोव्हेंबर २०१८ मध्ये दुरुस्ती झाली आणि डिजीलॉकर किंवा एम-परिवहनमधलं लायसन, आरसी, विमा हे मूळ कागदाइतकंच ग्राह्य ठरलं. गॅलरीतला फोटो किंवा व्हॉट्सॲपवर मागवलेली कॉपी मात्र त्यात बसत नाही. गणवेशातल्या पोलिसाने मागितल्यावर लायसन दाखवणं हे आपलं कर्तव्य आहे, तिथं हुज्जत घालू नये. पण चालू गाडीची किल्ली काढून घ्यायचा अधिकार मोटार वाहन कायद्यातल्या कुठल्याही कलमाने कुणाला दिलेला नाही. गाडी अडकवून ठेवण्याचं कलम २०७ आहे आणि त्यातली कारणं ठरलेली आहेत : लायसन नसणं, चालवणारा अल्पवयीन असणं, गाडीची नोंदणी नसणं अशी. नुसतं हेल्मेट नाही म्हणून गाडी ठाण्यात लावण्याची तरतूद त्यात नाही. लायसन ताब्यात घेतलंच तर कलम २०६ प्रमाणे त्याची लेखी पोच मिळायला हवी. ती शांतपणे मागावी.

“एक्सेलला लायसन लागत नाही” हे तर आपल्याकडे ब्रह्मवाक्य झालंय. सोळाव्या वर्षी लायसन मिळतं ते ५० सीसीपर्यंतच्या गाडीचं. एक्सेल १०० या मोपेडचं इंजिन ९९.७ सीसीचं आहे, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने ती पूर्ण मोटारसायकल, आणि वयाची अट अठरा. लायसनमधून सुटतात त्या फक्त २५० वॅटपर्यंतच्या आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत चालणाऱ्या बॅटरीच्या गाड्या. नववी-दहावीच्या पोराच्या हातात गाडी देणाऱ्या बापाने कलम १९९ अ एकदा वाचावं. पालकाला किंवा मालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि त्या पोराला पंचविशीपर्यंत लायसन नाही. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं घरोघरी आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

हेल्मेटबद्दल लोक म्हणतात, ते चालवणाऱ्यासाठी असतं, आणि तेही हायवेला. कलम १२९ असा भेद करत नाही. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला, पुढच्याला आणि मागच्यालाही, कुठल्याही रस्त्यावर ते लागू आहे; पगडीधारी शीख बांधवांना तेवढी सूट आहे. २०२२ या एका वर्षात देशात हेल्मेट न घातलेले ५० हजार २९ जण दुचाकीच्या अपघातात गेले. त्यांतले १४ हजार ३३७ मागे बसलेले होते. मागे बसणारी बहुतेक वेळा घरातली बाई असते, एका बाजूला पाय सोडून, एका हाताने पदर आणि दुसऱ्या हाताने लेकरू धरून बसलेली. तिच्या डोक्याला काही नसतं, आणि नवऱ्याचं हेल्मेट आरशाला अडकवलेलं असतं. चार वर्षांखालच्या मुलासाठी फेब्रुवारी २०२३ पासून वेगळा नियम आहे : लेकराला चालवणाऱ्याशी बांधून ठेवणारा पट्टा, नऊ महिन्यांपुढच्या लेकराला हेल्मेट आणि वेग ४० च्या आत.

हेल्मेटने मान मोडते, ऐकू येत नाही, ही आणखी दोन कारणं. जगभरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा सांगतो की हेल्मेटमुळे मरणाचा धोका सुमारे ४२ टक्के आणि डोक्याच्या इजेचा सुमारे ६९ टक्के कमी होतो. मानेची इजा त्याने वाढते, याला पुरावा सापडलेला नाही. पण हेल्मेट खरं हवं. जून २०२१ पासून आयएसआय शिक्क्याशिवाय दुचाकीचं हेल्मेट विकणंच बेकायदा आहे, तरी रस्त्याकडेला टोपीसारखी हलकी हेल्मेटं दोरीला लटकवून विकली जातात. हनुवटीखालचा पट्टा न लावता घातलेलं हेल्मेट धडकेत डोक्यावर राहत नाही आणि कायद्यातही धरलं जात नाही.

नवी गाडी घेतली की दिवसभर समोरून येणारे हाताची बोटं उघडमीट करून सांगत राहतात, लाईट चालू आहे. ती चालूच राहणार. एप्रिल २०१७ पासून बनलेल्या दुचाकीला दिवा बंद करायचं बटनच नाही, कारण दिवसाही समोरच्याला दुचाकी चटकन दिसावी. दुसरी शिकवण घरातूनच मिळते : पुढचा ब्रेक लावू नको, गाडी पलटी होईल. ही धोक्याची आहे. ब्रेक मारला की जास्त भार पुढच्या चाकावर येतो, त्यामुळे गाडी थांबवण्याची जास्त ताकद पुढच्याच ब्रेकमध्ये असते. मागचा एकटा दाबला की चाक घसरतं आणि गाडी पुढे जातच राहते. दोन्ही एकदम, पुढचा दाबत दाबत वाढवायचा. वाळूवर, चिखलावर किंवा वळणात मात्र तो झटक्याने ओढू नये. २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना दोन्ही ब्रेक जोडणारी यंत्रणा आणि त्यावरच्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं, ते याचसाठी.

सगळ्यात मोठा घोटाळा विम्याचा आहे. “विमा आहे की” असं सांगणाऱ्याकडे बहुतेक वेळा थर्ड पार्टी असते. ७५ ते १५० सीसीच्या गाडीला जून २०२२ पासून तिचा वर्षाचा दर ७१४ रुपये आहे. हा विमा आपल्या धक्क्याने दुसऱ्याचं झालेलं नुकसान भरतो. आपल्या मोडलेल्या पायाचा किंवा गाडीच्या वाकलेल्या चिमट्याचा त्याच्याशी संबंध नाही. त्याहून कठीण गोष्ट मागे बसणाऱ्याची. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये तिलक सिंग प्रकरणात सांगितलं की नुसत्या सक्तीच्या थर्ड पार्टी पॉलिसीत मागे फुकट बसलेला माणूस धरलेला नसतो. म्हणजे आपल्याच चुकीने गाडी घसरली आणि मागची बायको किंवा लिफ्ट मागून बसलेला शेजारी जखमी झाला, तर त्या पॉलिसीतून कंपनी पैसे देणं लागत नाही. सर्वसमावेशक पॉलिसी घेतली तर तो त्यात येतो. विमा काढताना एजंटाला हा एकच प्रश्न विचारा : मागे बसणारा यात आहे का?

मालकासाठी १५ लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण असतं, पण ते मालक स्वतः चालवत असेल आणि लायसन वैध असेल तरच. बापाच्या नावावरची गाडी पोराने नेली तर ते पोराला मिळत नाही. मित्राची गाडी मागून नेणारा तर मालकाच्या जागी उभा राहतो आणि त्याच गाडीच्या थर्ड पार्टी विम्यावर हक्क सांगू शकत नाही, असं २०२० च्या रामखिलाडी निकालात म्हटलंय. गाडी विकून नुसत्या सह्या करून देणाऱ्यांनीही सावध राहावं. चौदा दिवसांत हस्तांतर कळवावं लागतं. आरसीवर ज्याचं नाव, तोच भरपाईला जबाबदार, मग गाडी चार हात फिरलेली का असेना, हे नवीन कुमार प्रकरणात २०१८ मध्येच स्पष्ट झालंय.

दसरा-दिवाळी झाली की तेलगावच्या कारखान्याकडे उसाची वाहनं सुरू होतात. रात्री मागचा दिवा नसलेली, उसाच्या शेंड्यांनी रिफ्लेक्टर झाकलेली जोडट्रॉली दहा फुटांवर आल्यावरच दिसते. आणि समोरून ओव्हरटेक करत येणारा चारचाकीवाला डिपर मारतो तो थेट आपल्याला खाली उतरवण्यासाठी. डांबराची कड आणि साइडपट्टी यांत वीतभर फरक असतो. तिथं उतरताना पुढचं चाक कडेवर घासतं आणि गाडी आडवी होते. दुचाकीने साइडपट्टीवर उतरावं असं कुठलाही कायदा म्हणत नाही.

रस्ता खराब म्हणजे आपलं नशीब, हेही सोडून द्यायला हवं. कलम १९८ अ नुसार सदोष बांधणी-देखभालीमुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर ठेकेदाराला आणि जबाबदार यंत्रणेला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्ड्यांमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये देण्याचा आदेश दिला.

अपघात झालेला दिसला तर थांबा. पोलीस साक्षीला अडकवतील म्हणून लोक पुढे निघून जातात. कलम १३४ अ आणि २०२० चे नियम मदत करणाऱ्याला संरक्षण देतात. नाव सांगण्याचीही सक्ती नाही. दवाखान्यात आधी पैसे भरा म्हटलं तर मे २०२५ ची केंद्राची योजना सांगा : कुठल्याही रस्त्यावरच्या मोटार अपघातात, पहिले सात दिवस, नेमलेल्या दवाखान्यात दीड लाखापर्यंत उपचार रोकड न भरता. मदतीला ११२.

ट्रिपल सीट होते, लायसन नव्हतं, म्हणून भरपाई मागूच नये, असा सल्ला गावात हमखास मिळतो. तो चुकीचा आहे. ट्रिपल सीट गुन्हाच आहे, पण तेवढ्यावरून अपघाताची चूक त्यांच्या माथी मारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये मोहम्मद सिद्दीक प्रकरणात सांगितलं. लायसनबाबतही २००८ चा तसाच निकाल आहे. धडक देणारा पळून गेला तरी मृत्यूला २ लाख आणि गंभीर इजेला ५० हजारांची तरतूद एप्रिल २०२२ पासून आहे. ऊसतोडीला कोल्हापूर-सांगलीकडे गेलेल्या माणसाचा अपघात तिकडे झाला, तरी दावा तिकडेच लावावा लागत नाही. कुटुंब जिथं राहतं त्या भागातल्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात तो लावता येतो. कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे, म्हणून दुखवट्यात दिवस जाऊ देऊ नयेत. वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नये : बाईला तिचं उत्पन्न किती हे न पाहता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो.