रुग्णाशेजारच्या माणसाचे जेवण

रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णाला काय द्यावे आणि काय वर्ज्य करावे, हे आहारतज्ज्ञ ठरवितात. त्याच्या उशाशी रात्रंदिवस बसणारे आप्त काय खातात, याची नोंद मात्र कोणत्याही केसपेपरवर होत नाही. सकाळी चहा-बिस्किटे, दुपारी पुन्हा चहा आणि सायंकाळी फाटकाबाहेरचा वडापाव, असा अनेकांचा दिवस जातो. 'घास घशाखाली उतरत नाही' हे वाक्य आमच्या परिचारिकांच्या कानी नित्य पडते. ते लटके नसते.

अचानक आलेल्या संकटात शरीर अॅड्रिनॅलिन हे संप्रेरक रक्तात सोडते. हृदयाचे ठोके वाढतात, रक्तप्रवाह स्नायूंकडे वळतो, पचनाची गती मंदावते आणि भूक मरते. शस्त्रक्रियेच्या दिवशी जेवणाची इच्छा होत नाही, ती यामुळे. आजार लांबला की चित्र पालटते. दीर्घकाळच्या ताणात कॉर्टिसॉलचे प्रमाण चढे राहते आणि अनेकांना गोड, तेलकट पदार्थांची ओढ लागते. त्यात जागरणाची भर पडली की भूक आणखी वाढते. अशा वेळी हात फरसाणाच्या पुडीकडे गेला, तर त्या माणसाला दोष देण्यात अर्थ नाही. हाताशी दुसरे काही ठेवणे अधिक उपयोगाचे.

आम्हांस सर्वाधिक चिंता वाटते ती स्वतः मधुमेही असलेल्या आप्तांची. पतीच्या खाटेशेजारी बसलेली पत्नी सकाळचे इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी सवयीने घेते आणि जेवण मात्र राहून जाते. दोन-तीन तासांत घाम फुटतो, हातपाय थरथरतात, छाती धडधडते, बोलणे असंबद्ध होते. रक्तातील साखर घसरल्याची ही लक्षणे 'दगदगीमुळे चक्कर आली' म्हणून दुर्लक्षिली जातात. व्यक्ती शुद्धीवर असेल, तर सुमारे १५ ग्रॅम, म्हणजे तीन-चार छोटे चमचे साखर पाण्यात विरघळवून तत्काळ द्यावी. १५ मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा द्यावी आणि नंतर काही खाऊ घालावे. शुद्ध हरपली असेल, तर तोंडात काहीही न घालता डॉक्टरांना बोलवावे. जेवणाचा नेम राहणार नसेल, तर औषधाच्या मात्रेविषयी आपल्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे.

भूक नसताना ताटभर जेवण समोर आले की ते नकोसेच होते. त्यापेक्षा तीन-चार तासांनी थोडेथोडे खाणे जमते: वाटीभर मुगाची मऊ खिचडी, मेतकूट-भात, पेलाभर ताक, केळे, उकडलेले अंडे. पिशवीत फुटाणे, शेंगदाणे, राजगिऱ्याची वडी ठेवावी. मधुमेही व्यक्तींनी वडीऐवजी फुटाणेच बरे. चहा सोडा, असे आम्ही सांगत नाही. त्या कपाचा आधार आम्ही जाणतो. मात्र तो जेवणाला लागून घेऊ नये, कारण चहातील टॅनिनमुळे अन्नातील लोह कमी शोषले जाते, आणि आपल्याकडे रक्तक्षय असलेल्या स्त्रियांची संख्या थोडी नाही. सायंकाळनंतरचा चहा उरलीसुरली झोपही घालवितो.

काही कुटुंबांत रुग्ण बरा व्हावा म्हणून उपवास धरला जातो. त्या श्रद्धेविषयी आम्हांस आदर आहे. तथापि गर्भवती, मधुमेही आणि वृद्ध यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून उपवास करू नये. इतरांनीही केवळ साबुदाण्यावर दिवस काढू नये, कारण त्यात पिष्टाखेरीज फारसे काही नसते. राजगिरा, शेंगदाणे, दूध किंवा ताक उपवासालाही चालतात.

लांबच्या गावाहून येणाऱ्या डब्याविषयी एक सूचना. भाकरी, चपाती, कोरडी चटणी प्रवासात बरी टिकते. सकाळचा भात मात्र सायंकाळसाठी राखून ठेवू नये. उबदार हवेत राहिलेल्या भातात काही जिवाणू असे विष तयार करतात, की ते पुन्हा गरम करूनही नाहीसे होत नाही.

संत गाडगे महाराजांच्या शिकवणीत भुकेल्यांना अन्न देण्याला पहिले स्थान आहे. मुंबईत दादर येथे त्यांच्या नावाने चालणाऱ्या धर्मशाळेत कर्करुग्ण आणि त्यांचे नातेवाईक उतरतात. परगावच्या माणसाला उपचाराइतकीच निवाऱ्याची आणि गरम अन्नाची निकड असते, ही जाण तीमागे आहे. देणगी देताना एखाद्या यंत्राबरोबर नातेवाइकांच्या भोजनाचाही विचार व्हावा, अशी आमची विनंती आहे.

भेटीस येणारे बहुधा शहाळे आणतात. त्यात पोटॅशियम भरपूर असल्याने मूत्रपिंडाच्या अनेक रुग्णांना ते चालत नाही, म्हणून आधी परिचारिकेस विचारावे. त्याऐवजी दोन चपात्या आणि भाजी शेजारच्या माणसासाठी आणावी, आणि तो हात-तोंड धुऊन, शांतपणे जेवून येईपर्यंत अर्धा तास रुग्णापाशी बसावे.